मनगटावरचा कारखाना

यवतेश्वरचा घाट चढताना माणूस घड्याळाकडे फार वेळा बघतो. साताऱ्याच्या पोलीस परेड मैदानावरून निघालं आणि समर्थ मंदिर मागे पडलं, की जो चढ लागतो तो कासच्या रस्त्यापर्यंत पाठ सोडत नाही. पाय काय सांगताहेत त्यापेक्षा मनगटावरचा आकडा काय सांगतोय, यावर जास्त भरवसा ठेवायची खोड आम्हा हौशी धावणाऱ्यांना लागली आहे. एका पावसाळ्यात, हिल मॅरेथॉनच्या सरावाला गेलो असताना, माझ्या घड्याळाने त्या घाटात मला कळवलं की मी सपाटीवर धावतोय. चढ शून्य मीटर. छाती भात्यासारखी चाललेली, धुक्यात दहा फुटांपलीकडचं दिसत नाही, आणि घड्याळ म्हणतंय सपाटी. आदल्या रात्री त्याने एक अपडेट घेतला होता.

उतारावर दुसरा धक्का बसला. निघताना सत्तर टक्के असलेली बॅटरी परत येता येता अकरावर आली आणि समर्थ मंदिराशी पडदा काळा झाला.

पुढची कथा बहुतेकांना पाठ असेल. पुण्यातल्या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा मुलगा सभ्य होता. म्हणाला, "सर, अपडेटनंतर झालं ना? मग ते सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे फक्त हार्डवेअर बघतात." हेल्पलाइनवरच्या ताई त्याहून सभ्य. "सर, रीसेट करूनही तेच होतंय म्हणजे हार्डवेअरचा इश्यू आहे, तुम्ही सर्व्हिस सेंटरला दाखवा." अशा तीन फेऱ्या झाल्या. वॉरंटी संपून दोन महिने झालेले. शेवटी नव्याच्या निम्म्या किमतीत एक 'रीफर्बिश्ड', म्हणजे वापरलेलं पण दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेलं, घड्याळ देऊ केलं, ते मी घेतलं. जुन्याला नेमकं काय झालं होतं, हे आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. कंपनी कुठली, हा धावणाऱ्या मित्रांचा पहिला प्रश्न असतो. मला तो सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटतो.

महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. तो कळायला घड्याळाच्या पोटात थोडं डोकवावं लागेल.

उंचीतला फरक टिपायला या घड्याळांत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. त्याला बाहेरची हवा लागते, म्हणून कडेला टाचणीच्या टोकाएवढी भोकं ठेवलेली असतात. त्यांत घाम जातो, वाळतो, मीठ साचतं. आमच्याकडे पावसाळ्यात चिखलही जातो. भोक बुजलं की बाहेरचा दाब बदलला तरी आत काही कळत नाही. म्हणजे दोष बनावटीचा असू शकतो. पण सेन्सरचा आकडा आणि उपग्रहांवरून काढलेली उंची यांचा मेळ घालणारं गणित फर्मवेअरमध्ये, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये असतं, आणि ते अपडेटमध्ये बदलू शकतं. म्हणजे दोष अपडेटचाही असू शकतो. मला तिसरी शक्यता सर्वांत खरी वाटते. भोक कित्येक महिने अर्धवट बुजलेलं असणार. जुनं गणित त्याला सांभाळून घेत होतं, नव्याने सांभाळणं सोडलं.

बॅटरीचंही तसंच. लिथियमची बॅटरी जुनी होते तसा तिच्या आतला विजेचा रोध वाढतो. अचानक जास्त वीज मागितली की व्होल्टेज कोसळतं आणि यंत्र बंद पडतं. अपडेटने एखादा सेन्सर जरा जास्त वेळा जागा केला, तर नव्या घड्याळाला त्याचं काहीच वाटत नाही. दोन उन्हाळे घामात काढलेलं घड्याळ मात्र मान टाकतं. तपासणीच्या टेबलावरची घड्याळं बहुधा नवी आणि कोरडी असतात. मनगटावरची जुनी, खारवलेली, कुठेतरी आपटलेली. अपडेट तपासला जातो पहिल्यांवर आणि उतरतो दुसऱ्यांवर.

तेव्हा 'हार्डवेअर की सॉफ्टवेअर' हा काउंटरवरचा प्रश्नच खोटा आहे. दोष या दोघांच्या सांध्यात असतो, आणि त्या सांध्याची जबाबदारी घेणारी खिडकी कुठल्याच सर्व्हिस सेंटरमध्ये नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: विक्री झाल्यावर उत्पादकाने वस्तूत हात घातला, तर तेवढ्यापुरती ती वस्तू पुन्हा तयार झाली असं कायद्याने धरावं. पूर्वी कारखान्याचं फाटक ओलांडलं की उत्पादन संपायचं. आता ते आपल्या मनगटावर चालू राहतं, बहुधा आपण झोपेत असताना. कारखाना इथपर्यंत आला असेल तर कारखान्याची जबाबदारीही इथपर्यंत यायला हवी.

हे नुसतं एका रुसलेल्या धावकाचं गाऱ्हाणं नाही, हे पाहायला २०२५चा जानेवारी महिना पुरेसा आहे.

त्या महिन्याच्या सुरुवातीला गूगलने 'पिक्सेल ४ए' या जुन्या फोनवर एक अपडेट आपोआप पाठवला. बॅटरी स्थिर राहावी म्हणून, असं कारण दिलं. परिणाम असा की अनेक फोनांची बॅटरी आधीच्या मानाने फारच कमी वेळ पुरू लागली. जुन्या फर्मवेअरच्या प्रती कंपनीने आपल्या साइटवरून काढून घेतल्या, त्यामुळे परतीची वाटही राहिली नाही. पुढे ऑस्ट्रेलियात हेच प्रकरण सुरक्षेच्या कारणावरून 'रीकॉल', म्हणजे सदोष माल परत बोलावणं, म्हणून नोंदलं गेलं. म्हणजे अपडेट भेट नव्हता, जप्ती होती.

त्याच महिन्यात आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी जाहीर केलं की आयओएस १८च्या अपडेटनंतर आयफोन नीट चालत नसल्याच्या तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपलला नोटीस पाठवली आहे. नोटिशीने दोष सिद्ध होत नाही, हे कबूल. पण 'अपडेटनंतर बिघडलं' ही तक्रार सरकारदरबारी पोहोचण्याइतकी मोठी झाली आहे, एवढं त्यातून कळतं.

आणि २८ जानेवारीला जगभरच्या गार्मिन घड्याळांवर निळा त्रिकोण उमटला. धावण्यासाठी जीपीएस सुरू करायला जावं, तर घड्याळ बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं, आणि त्या त्रिकोणापाशीच अडकायचं. महागडी फिनिक्स, एपिक्स आणि धावणाऱ्यांची लाडकी फोररनर, कुणीच सुटलं नाही. यातली मेख अशी की हा फर्मवेअरचा अपडेटसुद्धा नव्हता. उपग्रह पुढचे काही दिवस कुठे असतील याचा अंदाज देणारी एक छोटी फाइल घड्याळ फोनमार्फत रोज-दोन रोजांनी उतरवून घेतं, म्हणजे मैदानात उभं राहून सिग्नलची वाट बघावी लागत नाही. ती फाइल खराब गेली, आणि ती वाचताना घड्याळ कोलमडलं. फाइल खराब जाणं हा अपघात समजू. पण खराब फाइल आली तर ती टाकून द्यायची, एवढी अक्कल घड्याळात नसणं ही बनावटीतली उणीव आहे, मग ती बनावट धातूची असो की कोडची. बहुतेक घड्याळं बंद-चालू करून आणि सिंक करून ताळ्यावर आली. काहींना सगळं पुसून रीसेट करावं लागलं. मुंबई मॅरेथॉन त्या वर्षी १९ जानेवारीला झाली. नऊ दिवसांचा फरक पडला असता, तर सीएसएमटीसमोर पहाटेच्या अंधारात हजारो लोक मनगट दाबत उभे दिसले असते. (त्यांतले निम्मे, घड्याळ नाही म्हणून, कदाचित आयुष्यातली सर्वोत्तम वेळ देऊन गेले असते. तो विषय वेगळा.)

हे झाले चांगल्या वस्तूला अपडेटने त्रास दिल्याचे किस्से. मला जास्त अस्वस्थ करतो तो उलटा प्रकार: वाईट वस्तूवर अपडेटने पांघरूण घालणं.

इंटेलने २०१४ मध्ये बेसिस ही घड्याळांची कंपनी विकत घेतली. तिचं 'पीक' नावाचं फिटनेस घड्याळ हातावर तापायला लागलं. २०१६च्या जूनमध्ये कंपनीने ग्राहकांना सांगितलं की सॉफ्टवेअर अपडेटने हे दुरुस्त करतो. दोन महिने गेले. ऑगस्टमध्ये कबुली आली की सॉफ्टवेअरने हे जमत नाही, घड्याळ वापरू नका, परत करा, पैसे घ्या. वर्षअखेरीस त्याची ऑनलाइन सेवाही बंद झाली. कंपनी निदान खरं बोलली आणि पूर्ण पैसे दिले, म्हणून तिला मी फार बोल लावत नाही.

फिटबिट कंपनीच्या 'आयॉनिक' या घड्याळाची गोष्ट तितकी साधी नाही. त्याचीही बॅटरी तापत होती. २०२०च्या सुरुवातीला कंपनीने बॅटरी तापण्याची शक्यता कमी करणारा फर्मवेअर अपडेट दिला. त्यानंतरही भाजल्याच्या तक्रारी येत राहिल्या. प्रत्यक्ष रीकॉल व्हायला मार्च २०२२ उजाडलं. तोवर एकट्या अमेरिकेत सुमारे १० लाख आणि बाहेर सुमारे ६ लाख ९३ हजार घड्याळं विकली गेली होती. भाजल्याच्या नोंदी अमेरिकेत ७८, बाहेर ४०. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने धोका वेळेवर कळवला नाही म्हणून कंपनीवर १ कोटी २२ लाख ५० हजार डॉलरचा दंड बसवला. त्याची घोषणा झाली, पुन्हा तोच महिना, जानेवारी २०२५ मध्ये.

ती दोन वर्षं कशात गेली, याचा विचार करावा. बॅटरीचा दोष रसायनाचा, जोडणीचा, बनावटीचा. त्यावर लावलेलं मलम कोडचं. मलम लावलं की रुग्ण बरा झाला असं धरायचं आणि घड्याळं हातावर तशीच ठेवायची. अपडेट नावाची सोय नसती, तर कंपनीसमोर परत बोलावण्यावाचून मार्ग नसता. म्हणजे दुरुस्तीचं जे साधन म्हणून आपण अपडेटकडे बघतो, तेच दुरुस्ती लांबवण्याचंही साधन आहे.

हे ओळखणारे लोक जगात आहेत. इटलीच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲपलला १ कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. सॅमसंगच्या बाबतीत मुद्दा सरळ होता: नोट ४ या जुन्या फोनवर त्याला न पेलणारा अपडेट घ्यायला लोकांना भरीस पाडलं, फोन बिघडले, आणि वॉरंटी संपली म्हणून दुरुस्तीचे भरमसाट पैसे मागितले. वाचताना मला पुण्यातलं ते काउंटर आठवलं. फ्रान्सने २०२० मध्ये ॲपलला अडीच कोटी युरोचा दंड केला. बॅटरी जुनी झालेले फोन अपडेटने मुद्दाम मंद केले हे ग्राहकांना सांगितलं नाही, हे त्याचं कारण. दंड मंद करण्याचा नव्हता, न सांगण्याचा होता, हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आपल्याकडे काय? २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा वाटतो त्यापेक्षा चांगला आहे. 'दोष' या शब्दाची त्यातली व्याख्या ऐसपैस आहे: गुणवत्ता, प्रमाण, क्षमता, दर्जा यांतली कुठलीही उणीव, आणि तो दर्जा कायद्याने ठरवलेला असो, करारात असो, की विकणाऱ्याने कुठल्याही प्रकारे दावा केलेला असो. म्हणजे खोक्यावर 'सात दिवस बॅटरी' छापलं असेल, तर ते छापीलच तुमचा दर्जा. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचं शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, वकील सक्तीचा नाही.

मग अडतं कुठे? दोन ठिकाणी. या कायद्यात 'उत्पादन दायित्व' नावाचं स्वतंत्र प्रकरण आहे, सदोष वस्तू बनवणाऱ्याला थेट जबाबदार धरणारं. पण तिथे 'हानी'च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचं झालेलं नुकसान वगळलेलं आहे. घड्याळाने मनगट भाजलं तर ते प्रकरण तुमच्या कामाचं. घड्याळच मेलं तर नाही. त्याच प्रकरणात कलम ८६ आहे: विक्रेत्याने वस्तूत फेरफार केला आणि हानी मुख्यतः त्यामुळे झाली, तर विक्रेता जबाबदार. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दुकानात पेटी उघडून काहीतरी बदलणारा दुकानदार असावा. विकून झालेल्या वस्तूत खुद्द उत्पादकच रात्री दोन वाजता, हजारो किलोमीटरवरून, लाखो नगांवर एकदम फेरफार करील, या शक्यतेसाठी वेगळं कलम नाही.

दुसरी अडचण पुराव्याची, आणि ती मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. दोष नुसता बघून कळत नसेल, तर आयोग वस्तूचा नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. नमुना कशाचा पाठवणार? माझं घड्याळ प्रयोगशाळेत गेलं असतं, तर तिथे नवं फर्मवेअर असलेलं घड्याळ पोहोचलं असतं. जुन्या फर्मवेअरवर ते नीट चालत होतं, हे दाखवायला जुनं फर्मवेअर घालता यायला हवं, आणि ते बहुतेक कंपन्या घालू देत नाहीत. घड्याळाची नोंदवही, म्हणजे लॉग, कंपनीच्या सर्व्हरवर. तक्रार ज्या गोष्टीची, तिनेच तक्रारीचा पुरावा पुसलेला. अशी सोय कुठल्या प्रतिवादीला आजवर मिळाली असेल?

म्हणून मागे जाण्याची सोय, निदान एक आवृत्ती मागे, ही माझी पहिली मागणी आहे. त्यात धावकाची सोय आहेच, पण त्याहून जास्त, तो पुरावा आहे. जुन्या आवृत्तीवर घड्याळ ठीक चाललं तर अपडेट दोषी. तरीही बिघडलेलंच राहिलं तर हार्डवेअर. काउंटरवरचा वाद पाच मिनिटांत मिटतो.

यावर कंपन्यांचं उत्तर ठरलेलं आहे: जुन्या आवृत्तीत सुरक्षेची भोकं असतात, तिथे परत जाऊ देणं धोक्याचं. हे उत्तर खोटं नाही. घड्याळात आता पैसे भरण्याची सोय असते, नाडीची आणि झोपेची नोंद असते, आपण कुठून कुठे गेलो ते असतं. पण मग सुरक्षेची दुरुस्ती आणि नवी नक्षी एकाच पुडीत बांधून का देता? पडद्यावरची नवी चित्रं, झोपेचे गुण, सकाळी पाठ थोपटणारा संदेश हे सगळं त्या भोकाच्या लिंपणाला चिकटवून पाठवायचं, आणि वर म्हणायचं की लिंपण हवं असेल तर सगळंच घ्या. दोन वेगळ्या पुड्या बांधायला खर्च येतो हे मान्य. तो खर्च आज ग्राहक भरतोय, फक्त त्याची पावती कुणी देत नाही.

दुसरी मागणी मुदतीची. युरोपीय संघाच्या विक्रीविषयक निर्देशानुसार वस्तू हाती आल्यापासून पहिलं वर्ष, दोष दिसला तर तो सुरुवातीपासूनच होता असं धरलं जातं; नव्हता हे विकणाऱ्याने सिद्ध करायचं. हेच तत्त्व अपडेटला लावावं. वॉरंटी चालू असो वा नसो, अपडेटनंतर समजा नव्वद दिवसांत वस्तू बिघडली, तर ती अपडेटने बिघडली असं धरायचं, आणि तसं नाही हे कंपनीने आपल्या लॉगनिशी दाखवायचं. लॉग कंपनीकडे आहेत ना? मग ओझंही तिच्याकडे. नव्वद हा आकडा मी ठोकताळ्याने म्हणतोय, साठ म्हणा, शंभर म्हणा.

आणि जो अपडेट हार्डवेअरचा दोष झाकण्यासाठी वस्तूची क्षमता कमी करतो, बॅटरी कमी भरतो, वेग उतरवतो, त्याच्यावर ते स्पष्ट मराठीत, हिंदीत, इंग्रजीत लिहिलेलं असावं. 'किरकोळ सुधारणा आणि बग दुरुस्ती' या ओळीखाली आजवर काय काय खपवलं गेलं असेल, देव जाणे.

असं केलं तर कंपन्या अपडेट देणंच बंद करतील, ही भीती मित्र घालतात. तीन-चार वर्षांच्या जुन्या घड्याळाला फुकट नवी सोय मिळते ती थांबेल, असं त्यांचं म्हणणं. मला ही भीती खरी वाटते, पण नुकसान फारसं वाटत नाही. घड्याळ घेताना मी जे पैसे मोजले ते त्या दिवशी ते जे करत होतं त्याचे होते. 'ही सोय लवकरच येत आहे' असं सांगून अर्धवट शिजलेली वस्तू सणाच्या मुहूर्तावर बाजारात आणायची पद्धत अपडेटच्या भरवशावरच बोकाळली आहे. बीटा तपासणीत, म्हणजे अपडेट सर्वांना जाण्याआधी तो वापरून बघायला, हौसेने नाव नोंदवणारे आम्हीच, त्यामुळे आमचे हातही अगदी स्वच्छ नाहीत. तपासनीस म्हणून फुकट राबायला मिळालं की आम्हाला धन्य वाटतं.

हे महागड्या घड्याळवाल्यांचं दुखणं आहे, हाही एक टोला ऐकू येतो. दोन-तीन हजारांच्या घड्याळात तर याहून वाईट: तिथे अपडेट बिघडवतो असंही नाही, कारण तो येतच नाही, आणि आला तरी ॲपच वर्षभरात नाहीसं होतं. घड्याळ हे या यंत्रणेचं सर्वांत लहान रूप आहे म्हणून मी त्याच्याबद्दल लिहितोय. असाच अपडेट विजेच्या स्कूटरला येतो, टीव्हीला येतो, आणि मधुमेह्याच्या दंडावरच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरच्या ॲपलाही येतो.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' नावाचं पोर्टल काढलं. सुटे भाग, माहितीपुस्तिका, सर्व्हिस सेंटरचे पत्ते एका जागी मिळावेत, हा हेतू चांगलाच आहे. पण त्यातली दुरुस्तीची कल्पना अजून पेचकसाची आहे. माझ्या घड्याळाला पेचकसाने काही फरक पडला नसता. गावातल्या घड्याळजींना मी ते दाखवलं होतं, गंमत म्हणून. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, मागची चिकटवलेली काच बघितली, उलटसुलट केलं आणि परत दिलं. म्हणाले, "याला उघडायला जागाच ठेवली नाही हो यांनी." मग पट्टा सैल झालाय म्हणून त्याची पिन बदलून दिली. वीस रुपये घेतले.

'रीफर्बिश्ड' घड्याळ ठीक चाललंय. गेले तीन आठवडे त्याच्या पडद्यावर रोज रात्री एक सूचना येते: नवीन अपडेट उपलब्ध. खाली दोन बटणं असतात, 'आता' आणि 'नंतर'. 'नको' असं बटण नाही. रविवारी पुन्हा यवतेश्वर आहे, बत्तीस जण येणार आहेत, आणि आमच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलंय की घेतला का कुणी, घाटात उंची बरोबर दाखवतोय का. अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.